वाचनालयाच्या नावाचा दाखला वाचनालयानेच द्यावा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये आणि मराठी साहित्य संस्था यांचे अध्यक्ष, कार्यवाह, विश्वस्त आणि ग्रंथपाल

विषय: संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर सभासदांना ओळख देण्याचा आणि मुक्त समाजमाध्यमावर वावरण्याचा एक वर्षाचा प्रयोग करण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात गेली अकरा वर्षे संगणकाचे काम बिनपगारी पाहते. ग्रंथसूची संगणकावर चढवणे, अनुदानाच्या प्रस्तावाची परिशिष्टे तयार करणे, व्याख्यानमालेची जाहिरात करणे अशी ती कामे आहेत. आपल्यापैकी बहुतेक संस्थांमध्ये असे काम करणारे कोणी ना कोणी असतेच, तेव्हा हे पत्र घरातल्याच माणसाने केलेली विनंती म्हणून वाचावे. आपापल्या संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरील स्वतःच्या पत्त्यावर, पदाधिकाऱ्यांना आणि इच्छुक सभासदांना ओळख द्यावी, त्या ओळखीने मुक्त समाजमाध्यमावर, म्हणजे ज्याचे नियम सर्वांना खुले आहेत अशा समाजमाध्यमावर, वर्षभर वावरून पाहावे, आणि जे अनुभव येतील ते, फसलेल्या गोष्टींसह, लिहून ठेवून एकमेकांना कळवावेत, अशी ती विनंती आहे.

हे का सुचले ते सांगते. दसरा झाला की आमच्याकडे दिवाळी अंक योजनेची नोंदणी सुरू होते. वर्षभरातले आमचे सर्वांत गर्दीचे दिवस तेच. दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच आठवड्यात वाचनालयाचे समाजमाध्यमावरील पान आमच्या हातून गेले. पानाची सारी व्यवस्था एकाच कार्यकर्त्याच्या खात्यावरून चालत होती, आणि एका फसव्या दुव्यावर त्याने आपला पासवर्ड भरला. सहा वर्षांचे फोटो, व्याख्यानांची चित्रणे, लोकांनी लिहिलेले अभिप्राय, सारे एका रात्रीत दिसेनासे झाले. आम्ही तक्रारीचे अर्ज भरले. त्यांना यंत्राने लिहिलेली उत्तरे आली आणि पुढे तीही बंद झाली. चार दिवसांनी आमच्याच नावाचे, आमच्याच इमारतीचा फोटो लावलेले दुसरे पान उभे राहिले आणि त्यावर योजनेची वर्गणी भरण्यासाठी क्यूआर कोड दिलेला होता. दोन सभासदांनी प्रत्येकी पाचशे रुपये भरले.

त्यांपैकी एक आजोबा मोबाइल हातात धरून देवघेवीच्या टेबलाशी आले आणि त्यांनी पावती मागितली. ग्रंथपालबाईंनी नोंदवही चाळली, नाव सापडेना, म्हणून पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. आजोबांनी पैसे गेल्याचा संदेश दाखवला, मग ते पान दाखवले, आणि काय झाले ते आमच्या तोंडाकडे पाहून त्यांच्या लक्षात आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अहो, पण वाचनालयाचं नाव होतं ना त्याच्यावर." कार्यकारिणीने त्या दोघांची वर्गणी आली असे धरून त्यांना अंक दिले. पण त्या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मी त्याचा पुष्कळ विचार केला. ज्या जगात आजोबांचे आयुष्य गेले त्या जगात वाचनालयाचे नाव कोणालाही सहज लावता येत नव्हते. तिथे पत्रशीर्ष असते, गोल शिक्का असतो, पावतीपुस्तकावर अनुक्रमांक असतो, कार्यवाहांची सही ओळखीची असते. कागदावर आपण दीडशे वर्षे ही काळजी घेत आलो. इंटरनेटवर मात्र आपण कोण आहोत हे सांगण्याचे काम आपण आपखुशीने दुसऱ्याकडे देऊन टाकले, आणि त्या दुसऱ्याने ते जपले नाही तेव्हा आपल्या हाती नवे पान काढण्यापलीकडे काही उरले नाही.

आपल्या संस्थांची वये पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिकच टोचते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ मध्ये आणि विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये स्थापन झाला. उलट ज्या ऑर्कुटवर मराठी माणसांनी कवितांचे, गडकिल्ल्यांचे, गावोगावच्या शाळांचे समूह भरभरून चालवले ते २००४ मध्ये सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २०११ मध्ये आले आणि एप्रिल २०१९ मध्ये गेले. भारतीय भाषांसाठी म्हणून आलेल्या आणि मराठीतही चालणाऱ्या कू या व्यासपीठाला तर पाच वर्षेही लाभली नाहीत. २०२० मध्ये सुरू होऊन जुलै २०२४ मध्ये ते मिटले. या कंपन्यांना दोष द्यावा असे माझे म्हणणे नाही. धंदा चालेना म्हणजे दुकान बंद होते, त्यात नवल नाही. नवल याचे वाटते की शंभर-शंभर वर्षांच्या संस्थांनी आपल्या नावाची पाटी दहा वर्षांच्या दुकानात टांगली आणि स्वतःच्या दारावर काहीच लावले नाही.

खरेपणाची खूण विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने पैसे भरणाऱ्या कोणालाही निळी खूण देण्यास सुरुवात केली. काही दिवसांतच अमेरिकेतील एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाचे एक बनावट खाते निघाले, त्याला ती खूण मिळाली, आणि त्यावरून इन्सुलिन यापुढे फुकट मिळेल अशी घोषणा झाली. त्या दिशाभूल करणाऱ्या संदेशाबद्दल खऱ्या कंपनीला लोकांची माफी मागावी लागली. जिच्यामागे वकिलांची फौज उभी राहू शकते अशा कंपनीची ही गत असेल, तर शासनाच्या वर्गवारीत 'क' वर्गातल्या आपल्या वाचनालयाने कोणाकडे दाद मागायची?

आता ज्या तंत्राबद्दल मी लिहीत आहे त्याकडे वळते. ते समजायला अवघड नाही, कारण ईमेल तुम्ही रोज वापरता. ईमेलच्या पत्त्यात @ या चिन्हाच्या डावीकडे माणसाचे नाव असते आणि उजवीकडे त्याच्या घराचे, म्हणजे डोमेनचे. ज्याच्या ताब्यात डोमेन असते त्यानेच ठरवायचे की त्या घरात कोण राहते, आणि तरीही या घरातले पत्र त्या घरात पोचते, कारण पोस्टाचे नियम सर्वांना सारखे आहेत. समाजमाध्यमांसाठी असाच एक समान नियम ॲक्टिव्हिटीपब या नावाने जानेवारी २०१८ मध्ये वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शिफारस म्हणून प्रसिद्ध केला. ऑयगन रोखको या जर्मनीतील तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलेला मॅस्टोडॉन हा समाजमाध्यमाचा प्रोग्रॅम आज याच नियमाने चालतो. ज्याला वाटेल त्याने तो आपल्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला जोडून कायम चालू ठेवलेल्या संगणकावर, बसवावा, आणि तिथल्या माणसांनी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसांशी बोलावे. सांगलीतील वाचनालयाच्या सर्व्हरवरील वाचक आणि बर्लिनमधील एखाद्या सर्व्हरवरील मराठी वाचक एकमेकांना वाचू शकतात, आणि त्यासाठी दोघांनी एकाच कंपनीचे आश्रित असावे लागत नाही.

दुसरी वाट ब्लूस्काय या समाजमाध्यमाची आहे. फेब्रुवारी २०२४ पासून ते निमंत्रणाशिवाय सर्वांना खुले झाले. तिथे आपले डोमेन हेच आपले नाव म्हणून वापरता येते. डोमेनच्या नोंदींमध्ये एक ओळ लिहायची, आणि ज्याच्या हाती त्या नोंदी आहेत तोच हे खाते चालवतो हे जगातल्या कोणालाही तपासता येते. आमच्या वाचनालयासाठी ही ओळ मी एका संध्याकाळी लिहिली. शेवटचे अक्षर चुकले होते म्हणून पहिल्यांदा नकार आला. ग्रंथपालबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, मी ती ओळ मोठ्याने वाचत गेले आणि त्या कागदावरच्या अक्षरांवर बोट ठेवत गेल्या. पुस्तकांचे दाखलांक जुळवताना आम्ही करतो तसेच. चूक सापडली, आणि काही मिनिटांत खात्याच्या नावाच्या जागी वाचनालयाचे डोमेन दिसू लागले. बाई म्हणाल्या, "म्हणजे आता शिक्का आपला." या पत्रात मला जे सांगायचे आहे ते त्यांनी तीन-चार शब्दांत सांगितले.

मॅस्टोडॉनमध्येही अशी सोय आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून खात्याकडे आणि खात्यावरून संकेतस्थळाकडे असे दोन्ही बाजूंनी दुवे दिले की खात्यावर हिरवी खूण उमटते. तिला पैसे पडत नाहीत आणि ती देण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीकडे नाही. संस्थेने आपल्या कार्यवाहांच्या, संपादकांच्या, शाखाध्यक्षांच्या खात्यांचे दुवे संकेतस्थळावर एका पानावर लिहून ठेवले, तर कोणाचे खाते खरे याचा तोच दाखला. मुदत संपलेल्या पदाधिकाऱ्याचे नाव त्या पानावरून काढले की तो दाखला मागे घेतला गेला. संमेलनांच्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या नावाने खोटी वक्तव्ये फिरतात आणि खुलासे देता देता आठवडा जातो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवले आहे.

या सगळ्याचा पाया डोमेन आहे, आणि तिथेच आमची पहिली फजिती झाली. वाचनालयाचे संकेतस्थळ २०१३ मध्ये एका महाविद्यालयीन मुलाने हौसेने करून दिले होते. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर नोंदलेले होते. मुलगा आता परदेशात, ईमेल बंद पडलेला. त्याचे घर शोधणे, त्याच्याशी बोलणे, कागदपत्रे पाठवणे आणि नाव वाचनालयाकडे वळते करून घेणे यात चार महिने गेले. मुलगा सज्जन म्हणून निभावले. जमीन कसतो आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार होता. डोमेन एकदा घेतले की कायमचे आपले होत नाही, त्याचे शुल्क मुदतीत भरत राहावे लागते आणि मुदत चुकली तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो, हेही इथेच सांगते. तेव्हा वीजबिलासारखी त्याची नोंद खर्चाच्या वहीत असायला हवी.

मराठीचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर आपल्या संस्थांनी बोलायलाच हवे. देवनागरीतील डॉट भारत हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. मराठी आणि कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते आहे. आपल्या संस्थेचे नाव शुद्ध देवनागरीत घेता येते. पण संगणक ते आतल्या आत रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलतात, आणि अनेक ठिकाणी वाचकाला ते अगम्य रूपच दिसत राहते. मॅस्टोडॉनमध्ये खात्याचे मूळ नाव फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतच घेता येते. वर दिसणारे नाव देवनागरीत लिहिता येते एवढेच. आमच्याकडील एका निवृत्त शिक्षिकेच्या नावात 'ज्ञ' आहे. तो रोमनमध्ये डी-एन-वाय असा लिहायचा, की जी-एन-वाय असा, की जे-एन असा, यावर आमची अर्धी दुपार गेली. शेवटी त्या म्हणाल्या, चाळीस वर्षे फळ्यावर माझे नाव मी देवनागरीत लिहिले, आणि वाचनालयात आल्यावर ते मला दुसऱ्या लिपीत शोधावे लागते आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. हे सॉफ्टवेअर खुले आहे. त्यात बदल सुचवता येतो आणि तो का हवा हे जगभरच्या लोकांपुढे मांडता येते. असा प्रस्ताव एका वापरकर्त्याने मांडणे आणि शतकभराच्या साहित्य संस्थेने मांडणे यात फरक पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सत्कार आणि परिसंवाद केले; स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत नोंदवता यावे ही मागणीही त्याच भाषेच्या अभिमानाची आहे.

आमचा मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू होऊन आता वर्ष होत आले. तेवीस सभासदांनी खाती घेतली, त्यांपैकी नऊ जण नियमित लिहितात. आकडा लहान आहे आणि तो मोठा करून सांगण्याची मला इच्छा नाही. चौथ्या महिन्यात एका रविवारी सकाळी सर्व्हर बंद पडला. आम्ही ज्यांना वाचतो त्यांनी दुसऱ्या सर्व्हरवर टाकलेल्या चित्रांच्या प्रती आमच्याकडे साठत जातात आणि त्या वेळोवेळी काढून टाकाव्या लागतात, हे मला ठाऊक नव्हते. साठवणीची सगळी जागा भरून गेली होती. जुनी वर्तमानपत्रे रद्दीत घालण्याचे वेळापत्रक जसे असते तसे आता याचेही केले आहे. नोंदणी आम्ही सर्वांना खुली ठेवलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडी नोंदणी असलेल्या आणि फारसे कोणी लक्ष न देणाऱ्या लहान सर्व्हरांवरून कचरा संदेशांची मोठी लाट आली होती, तेव्हापासून शहाणे लोक दार लोटून ठेवतात. सभासद क्रमांक असलेल्यालाच खाते, हा आमचा नियम आहे, आणि वाचनालयाला तो नैसर्गिकपणे शोभतो.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे लोकांचा मजकूर ठेवणाऱ्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो आणि तक्रारीची दखल ठरलेल्या मुदतीत घ्यायची असते. आमच्याकडे ते काम कार्यकारिणीतील एका वकिलांनी घेतले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, म्हणून बालविभागाच्या सभासदांना आम्ही खाती दिली नाहीत. वाद, शिवीगाळ, जातिवाचक बोलणे यांबद्दलचे नियम आम्ही एका पानात मराठीत लिहिले आणि सूचना फलकावरही लावले. हे काम तांत्रिक कामापेक्षा जड आहे. ज्या संस्थेला वर्षभर ते पाहणारी दोन माणसे मिळत नसतील तिने स्वतःचा सर्व्हर चालवू नये; शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयाशी मिळून चालवावा, किंवा केवळ डोमेनचे नाव वापरून ब्लूस्कायवर असावे.

ब्लूस्कायचीही मर्यादा सांगितली पाहिजे. बहुतेक लोकांची खाती अजून त्याच कंपनीच्या यंत्रांवर आहेत, तेव्हा नाव आपले असले तरी घर अद्याप पूर्णपणे आपले झालेले नाही. मॅस्टोडॉनमध्ये एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना आपल्याला वाचणारी माणसे बरोबर नेता येतात, पण आपले जुने लिखाण नेता येत नाही. मराठी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आम्ही दर महिन्याला सगळ्या लिखाणाची प्रत उतरवून घेतो.

असा प्रयोग करणारे आपण पहिले नाही. जर्मनीच्या केंद्र सरकारी खात्यांसाठी २०२० पासून तिथल्या माहिती संरक्षण आयुक्तांनी मॅस्टोडॉन सर्व्हर चालवला. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये आपला सुरू केला, त्याच वर्षी बीबीसीच्या संशोधन विभागाने सहा महिन्यांचा प्रयोग म्हणून एक सर्व्हर उघडला आणि पुढे त्याची मुदत वाढवली. स्वित्झर्लंडच्या सरकारने मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेला सर्व्हर वर्षभराने, प्रतिसाद अपुरा म्हणून, बंद केला. मला या सगळ्यांत स्विस सरकारचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते. त्यांनी मुदत ठरवली, मुदतीअखेर मोजमाप केले, आणि निष्कर्ष लोकांना सांगून दार बंद केले. आपल्याकडे योजना सुरू होतात तेव्हा नारळ फुटतो. त्या कशा संपल्या हे कोणालाच कळत नाही.

भारतातही एकदा मोठी संधी आली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, त्याच्या निषेधात हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. काही आठवड्यांत बहुतेक जण परतले. माझ्या मते त्याचे कारण असे की माणसे एकेकटी गेली. तिथे त्यांची वर्तमानपत्रे नव्हती, प्रकाशक नव्हते, वाचनालये नव्हती, ओळखीचे कट्टे नव्हते. वस्ती आधी होते की देऊळ आधी, हा वाद जुना आहे, पण आपल्या गावांमध्ये पुष्कळदा पारावरच्या देवळाभोवती वस्ती वाढली आहे. हे काम संस्थांनी करायचे आहे असे मी म्हणते ते यासाठीच.

एका सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. खोट्या खात्यांना आळा घालायचा तर खाते आधार क्रमांकाशी जोडा, असे आमच्या वार्षिक सभेत एका सभासदाने सुचवले आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. शिधा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन यांसाठी माणूस तोच आहे ना हे पाहण्याकरिता ती व्यवस्था उभी राहिली. वाचनालयाला तो प्रश्न पडतच नाही. आमचा सभासद समोर उभा असतो, त्याने अनामत भरलेली असते, त्याला ओळखणारा दुसरा सभासद असतो. तरीही कित्येक वाचनालयांच्या खणांमध्ये सभासदांच्या आधारपत्रांच्या झेरॉक्स प्रती वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि त्या कशासाठी घेतल्या हे कोणाला सांगता येत नाही. आम्ही आमच्या खणातल्या सगळ्या प्रती मागच्या मे महिन्यात फाडून नष्ट केल्या आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदवला.

शिवाय साहित्याच्या क्षेत्रात एका माणसाला एकच नाव असले पाहिजे हा आग्रहच आपल्या परंपरेला धरून नाही. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. वि. वा. शिरवाडकर कवितेसाठी कुसुमाग्रज झाले. गडकऱ्यांच्या तिन्ही नावांमागे माणूस एकच आहे हे जाणणारे संपादक होते, मुद्रक होते, मित्र होते; वाचकाला ते तेव्हाच कळले पाहिजे अशी सक्ती कोणी केली नाही. आजही घरच्यांच्या, नोकरीच्या किंवा जातीच्या दडपणामुळे टोपणनावाने लिहिणाऱ्या मुली आमच्या वाचनालयात येतात. 'ही व्यक्ती आमची सभासद आहे' एवढाच दाखला संस्थेने द्यावा आणि पुढचे नाव तिने निवडावे, ही सोय स्वतःच्या डोमेनवर सहज करता येते. आमच्याकडील नऊ नियमित लिहिणाऱ्यांपैकी तिघी टोपणनावाने लिहितात. कोणत्या नावामागे कोण, हे फक्त ग्रंथपालबाईंना ठाऊक आहे, आणि त्यांच्या कुलूपबंद वहीबाहेर ते कुठेही लिहिलेले नाही.

तेव्हा साहित्य संस्थांना माझी विनंती अशी की त्यांनी निदान आपल्या शाखा आणि नियतकालिके यांना संस्थेच्या डोमेनखाली नावे द्यावीत, आणि अधिकृत खात्यांचे पान आपल्या संकेतस्थळावर ठेवावे. याला सर्व्हरही लागत नाही. जिल्हा ग्रंथालय संघांनी पुढाकार घेऊन एका जिल्ह्यासाठी एक सर्व्हर चालवावा, खर्च वाटून घ्यावा, आणि तो पाहणाऱ्या माणसाला मानधन द्यावे. माझ्यासारख्या हौशी माणसांवर ही व्यवस्था कायमची चालू नये. मी उद्या गाव सोडले तर आमच्या सर्व्हरचे काय होईल, याचे उत्तर अजून आमच्याकडे नाही, आणि त्या २०१३ च्या मुलासारखीच पाळी माझ्यामुळे वाचनालयावर यावी असे मला वाटत नाही. म्हणून सर्व परवलीचे शब्द आणि नोंदींची वही एका लिफाफ्यात घालून कपाटात अध्यक्षांच्या किल्लीखाली ठेवली आहे. शासनाने १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानात डोमेन आणि सर्व्हरचा खर्च मान्य बाब म्हणून स्पष्टपणे धरावा, यासाठी ग्रंथालय संघाने मागणी केली तर आमच्या खर्चाचा वर्षभराचा हिशेब मी पुरावा म्हणून द्यायला तयार आहे.

आम्ही काय केले, कुठे चुकलो, कोणत्या ओळी कुठे लिहिल्या, नियमांचे पान कसे आहे, हे सारे मी मराठीत लिहून काढले आहे आणि ज्या संस्थेला हवे असेल तिला ते विनामूल्य मिळेल. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी प्रत्यक्ष येऊन मदत करण्याचीही माझी तयारी आहे; एसटीचे भाडे संस्थेने द्यावे. त्याआधी प्रत्येक संस्थेने एक काम स्वतः करावे. आपल्या संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर नोंदलेले आहे आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे येत्या कार्यकारिणीच्या सभेपूर्वी शोधून इतिवृत्तात लिहून ठेवावे.

आपली नम्र,
एका तालुका वाचनालयाची कार्यकर्ती